हेन्री टिमकेन

हेन्री टिमकेन (जन्म : ब्रेमेनजवळ, जर्मनी, १६ ऑगस्ट १८३१, मृत्यू : सॅन डिएगो, कॅलिफोर्निया, १६ मार्च १९०९) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन बग्गी-उत्पादक, संशोधक आणि उद्योजक होते. घोडागाडीसाठी त्यांनी तयार केलेली आडवी स्प्रिंग आणि चाकांसाठी तयार केलेले टेपर रोलर बेअरिंग हे त्यांचे दोन प्रमुख शोध होत. यांपैकी दुसऱ्या शोधाचे पेटंट त्यांना वयाच्या ६६ व्या वर्षी मिळाले. घोडागाडीच्या चाकासाठी योजलेले हे बेअरिंग पुढे मोटारींच्या पुढच्या चाकांत, मालमोटारींच्या आसांत आणि आगगाडीच्या इंजिनांतही वापरले जाऊ लागले. त्यांच्या नावाने चालणारी कंपनी आजही बेअरिंगांच्या उत्पादनात अग्रगण्य मानली जाते.

बालपण आणि स्थलांतर

टिमकेन यांचा जन्म उत्तर जर्मनीत ब्रेमेन शहराजवळच्या ग्रामीण भागात झाला. १८३८ मध्ये, ते सात वर्षांचे असताना, त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले आणि मिसूरी राज्यात सेडेलियाजवळ शेती करू लागले. त्या काळी त्या प्रदेशात शेतमाल बाजारात नेण्याचे आणि माणसांच्या प्रवासाचे मुख्य साधन घोड्यांच्या किंवा खेचरांच्या गाड्या हेच होते. गाडीचे चाक मोडले किंवा आस तापून जाम झाला तर शेतकऱ्याचा दिवस वाया जाई. टिमकेन यांचे मन शेतीपेक्षा गाड्यांच्या कामात अधिक रमले. वयाच्या सोळाव्या वर्षी ते सेंट लुईस येथील एका बग्गी-कारागिराकडे उमेदवारी करू लागले.

बग्गीचा कारखाना

उमेदवारी पूर्ण झाल्यावर १८५५ मध्ये टिमकेन यांनी बग्ग्या बांधण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास फ्रेडरिका हाइन्झेलमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुली आणि दोन मुलगे झाले. विल्यम आणि हेन्री या मुलांनी पुढे वडिलांचा उद्योग वाढवला. मुलींपैकी जॉर्जिया या चित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या.

१८६० च्या सुमारास कोलोरॅडोतील पाइक्स पीक परिसरात सोने सापडल्याच्या बातमीने हजारो लोक पश्चिमेकडे गेले. त्यांत टिमकेनही होते. मात्र तेथे त्यांचे नशीब उघडले नाही आणि ते सेंट लुईसला परतून पुन्हा आपल्या व्यवसायाला लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात त्यांनी मिसूरीच्या राज्य-सेनेतही काम केले.

युद्धानंतर त्यांच्या कारखान्याचा जम बसला. टिमकेन केवळ मागणीप्रमाणे गाड्या बांधून देणारे कारागीर नव्हते. गाडीतील प्रत्येक भाग अधिक हलका, मजबूत आणि सुखकर कसा करता येईल, याचा ते सतत विचार करीत. बग्गी-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

आडवी स्प्रिंग

१८७७ मध्ये टिमकेन यांनी बग्गीसाठी एका विशिष्ट रचनेच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. ही स्प्रिंग 'टिमकेन बग्गी स्प्रिंग' या नावाने अमेरिकेत सर्वत्र ओळखली गेली. खडबडीत रस्त्यावर गाडीला बसणारे हादरे तिच्यामुळे पुष्कळ कमी होत. अनेक उत्पादकांनी तिचा वापर करण्याचे परवाने घेतले आणि त्या मानधनातून टिमकेन संपन्न झाले. १८८७ मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली आणि ते कुटुंबासह कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे राहावयास गेले.

ही निवृत्ती फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच ते सेंट लुईसला परतले आणि पुन्हा गाड्यांच्या व्यवसायात उतरले. वयाची साठी उलटल्यानंतर हाती घेतलेल्या कामामुळेच आज त्यांचे नाव ओळखले जाते.

घर्षणाचा प्रश्न

१८९० च्या दशकातील घोडागाड्यांच्या चाकांत बहुधा साधी बेअरिंगे असत. लोखंडी आसाचे टोक चाकाच्या तुंब्यातील धातूच्या नळीत फिरे आणि दोहोंमध्ये वंगणाचा थर असे. वंगण आटले की धातूवर धातू घासला जाई, आस तापे आणि जनावराला गाडी ओढणे जड जाई. सायकलींमुळे गोळ्यांची बेअरिंगे परिचित झाली होती. परंतु गोळी कड्याला अगदी लहानशा जागी टेकते, त्यामुळे जड गाडीच्या भाराखाली ती लवकर झिजे. सरळ दंडगोलाकृती रोलर अधिक भार पेलत, मात्र त्यांना आडवा दाब सहन होत नसे.

खरी अडचण या आडव्या दाबाची होती. गाडी सरळ चालत असताना चाकावर मुख्यतः वरून खाली येणारा भार असतो. वळण घेताना मात्र चाकाला आसाच्या दिशेनेही जोराचा रेटा बसतो. रस्ता एका बाजूला उतरता असला किंवा चाक खड्ड्यात आपटले तरी तसेच होते. एकाच वेळी दोन्ही प्रकारचे भार पेलणारे आणि झिजल्यावर पुन्हा नीट बसवता येणारे बेअरिंग तयार करणे, हे टिमकेन यांनी स्वतःसमोर ठेवलेले उद्दिष्ट होते. या कामात त्यांचे भाचे रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांची त्यांना साथ मिळाली.

टेपर रोलर बेअरिंग

शंकूच्या आकाराचे रोलर वापरण्याची कल्पना टिमकेन यांच्याआधीही काहींना सुचली होती. टिमकेन आणि हाइन्झेलमन यांनी तिला गाडीच्या चाकात प्रत्यक्ष टिकेल असे रूप दिले. २८ जून १८९८ रोजी त्यांना अमेरिकेची ६०६६३५ आणि ६०६६३६ या क्रमांकांची पेटंटे मिळाली.

या बेअरिंगचे चार भाग असतात. आसावर बसणाऱ्या आतल्या कड्याला कोन म्हणतात आणि तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, बसणाऱ्या बाहेरच्या कड्याला कप म्हणतात. या दोहोंमध्ये एका टोकाला किंचित निमुळते असलेले रोलर असतात आणि ते एकमेकांना घासू नयेत म्हणून एका पिंजऱ्यात बसवलेले असतात. रोलर, कोन आणि कप यांच्या उतरत्या पृष्ठभागांच्या रेषा वाढवल्या तर त्या सर्व आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर घसरत नाहीत, तर आपल्या संपूर्ण लांबीवर लोळत जातात. पृष्ठभाग तिरपे असल्याने वरचा भार आणि आडवा रेटा हे दोन्ही बेअरिंगला पेलता येतात.

असे एक बेअरिंग एकाच दिशेचा रेटा सहन करते. म्हणून चाकात नेहमी दोन बेअरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसवतात. आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. कोन आणि कप यांच्यातील अंतर आसाच्या टोकावरील नट आवळून किंवा सैल करून कमी-जास्त करता येते. झीज झाली तरी बेअरिंग टाकून न देता पुन्हा जुळवता येणे, हा या रचनेचा मोठा गुण होय. मात्र ही जुळवणी बसवणाऱ्याला हाताने करावी लागते आणि ती चुकल्यास उत्तम बेअरिंगही अल्पकाळात निकामी होते.

खेचरांच्या गाडीची आख्यायिका

कंपनीच्या इतिहासात एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. नवी बेअरिंगे बसवलेली एक अवजड गाडी दोन लहान खेचरांना जुंपून सेंट लुईसच्या रस्त्यांवर फिरवण्यात आली. एवढे ओझे एवढ्या लहान जनावरांना ओढायला लावणे ही क्रूरता आहे, असे वाटून गाडीवानाला पकडून न्यायालयासमोर उभे करण्यात आले. तेथे बेअरिंगांची रचना समजावून दिल्यावर आणि खेचरांना फारसे श्रम पडत नाहीत हे दाखवल्यावर त्याची सुटका झाली. या कथेतील तपशील निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळे आढळतात. तरीही नव्या बेअरिंगचा फायदा सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने सांगणारी म्हणून ती लोकप्रिय झाली.

कंपनीची स्थापना

१८९९ मध्ये सेंट लुईस येथे 'टिमकेन रोलर बेअरिंग अ‍ॅक्सल कंपनी' स्थापन झाली. नावात अ‍ॅक्सल हा शब्द होता, कारण कंपनी सुरुवातीला बेअरिंगांसह संपूर्ण आसच तयार करून विकत असे. याच वर्षांत मोटारगाडीचा उद्योग उदयास येत होता. मोटारीचे वजन आणि वेग घोडागाडीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने चाकावरील दोन्ही प्रकारचे भार वाढले आणि टिमकेन यांच्या बेअरिंगाची गरज आपोआप निर्माण झाली.

मोटारी तयार करणारी डेट्रॉइट, क्लीव्हलंड आणि बफेलो ही शहरे आणि पोलाद पुरवणारे पिट्सबर्ग यांच्यापासून सेंट लुईस दूर होते. म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कंपनीने आपला कारभार ओहायो राज्यातील कॅन्टन येथे हलवला. तोपर्यंत दैनंदिन कामकाज विल्यम आणि हेन्री या मुलांच्या हाती गेले होते. कॅन्टन हे शहर पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिमकेन या नावाशी जोडले गेले.

मोटारींच्या पुढच्या चाकांतील उपयोग

मोटारीचे पुढचे चाक वाहनाचा भार वाहते, दिशा देते आणि ब्रेकचा ताणही सोसते. वळणावर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर सर्वांत अधिक रेटा येतो. त्यामुळे या ठिकाणी टेपर रोलर बेअरिंग विशेष उपयुक्त ठरले. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत पुढच्या चाकांना सुरुवातीला गोळ्यांची बेअरिंगे असत. नंतरच्या गाड्यांत टेपर रोलर बेअरिंगे आली. त्यानंतर अनेक दशके बहुसंख्य मागील-चाक-चालित मोटारींच्या पुढच्या चाकांत हीच रचना रूढ राहिली. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना टिमकेन यांच्या शोधाचा प्रत्यक्ष परिचय आजही येथेच होतो.

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगे असतात. दोन्ही कोनांच्या मध्ये पोलादाची एक नळी आणि काही पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात. नट घट्ट आवळला की कोन, नळी, शिम आणि बाहेरचा कोन यांची एक अखंड साखळी होऊन आसाच्या टोकाला बळकटी मिळते. चाकाला ठेवावयाची मोकळीक नटाने नव्हे, तर शिमांच्या जाडीने ठरते. शिम वाढवल्या की कोन एकमेकांपासून दूर जातात आणि मोकळीक वाढते. शिम काढल्या की ती कमी होते. ही मोकळीक ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर ठेवावी, असे निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितले आहे. नट ४० ते ७० फूट-पाउंड इतक्या जोराने आवळायचा असतो आणि त्यानंतर स्प्लिट पिन घालायची असते.

शिम जुळवण्याचे काम वेळखाऊ असल्याने काही जण मधली नळीच काढून टाकतात आणि नट हलकेच आवळून काम भागवतात. असे केल्याने चाक फिरते, परंतु आसाच्या टोकाला मिळणारा आधार नाहीसा होतो. वळणावरील वारंवारच्या ताणाने आस वाकण्याचा आणि अखेरीस मोडण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

बसवणीतील दोष आणि त्यांची पारख

नवी बेअरिंगे घालूनही चाकात दोष राहिल्यास त्याची कारणे बहुधा पुढीलप्रमाणे असतात.

नव्या कोनाबरोबर जुनाच कप ठेवणे ही नेहमी होणारी चूक आहे. कप हबमध्ये घट्ट बसलेला असल्याने तो काढण्याचा कंटाळा केला जातो. कोन आणि कप ही जोडी असते. जुन्या कपावरील झिजेच्या खुणांमुळे नवे रोलर लवकर खराब होतात.

कप हबमधील खाचेत तळापर्यंत न बसणे हा दुसरा दोष होय. कपाची जाड कड हबच्या आतल्या बाजूस आणि पातळ कड बाहेरच्या बाजूस असावी लागते. खाचेत माती, ग्रीसचा वाळलेला थर किंवा धातूची कपची राहिली तर कप किंचित वर राहतो. अशा वेळी जुळवणी करताना मोकळीक बरोबर येते. पण थोडे अंतर चालवल्यावर कप आत सरकतो आणि चाक पुन्हा हलू लागते. कप सर्व बाजूंनी सारखा ठोकत नेल्यास तळाला टेकताच ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. त्यावरून तो पूर्ण बसल्याचे समजते.

जुन्या बेअरिंगांबरोबर निघालेल्या शिमा नव्या बेअरिंगांना तशाच वापरणे हेही चुकीचे आहे. प्रत्येक बेअरिंगाच्या मापात सूक्ष्म फरक असतो आणि येथे प्रश्न इंचाच्या हजाराव्या भागाचा असतो. म्हणून प्रथम जास्त शिमा घालून मुद्दाम अधिक मोकळीक ठेवतात, नट पूर्ण आवळून डायल गेजने ती मोजतात आणि जितकी अधिक असेल तितक्या जाडीच्या शिमा काढतात.

मोकळीक अजिबात न ठेवल्यास ब्रेकच्या आणि फिरण्याच्या उष्णतेने भाग प्रसरण पावतात, रोलर दाबले जातात, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते आणि बेअरिंग निळसर पडून जाम होते. मोकळीक फार ठेवल्यास भार मोजक्याच रोलरांवर येतो. ब्रेकची डिस्क डोलू लागते आणि पॅड मागे ढकलले जाऊन ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाते. ग्रीस रोलरांच्या मधल्या जागांत भरपूर भरावे लागते, परंतु बाहेरची टोपी ग्रीसने ठासून भरू नये.

चाक हलते म्हणजे बेअरिंगच सैल आहे, असे नेहमीच नसते. जॅकवर उचललेले चाक घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून हलवतात व दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर सैलपणा बेअरिंगात असतो. ती तशीच राहिली तर दोष किंगपिनमध्ये असतो. चालत्या गाडीत डावीकडे वळताना घरघर वाढत असेल तर उजव्या चाकाच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा, कारण त्या वळणावर भार उजवीकडे सरकतो.

वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या मोटारींत आणखी एक दोष आढळतो. रोलर ज्या ज्या ठिकाणी टेकलेले असतात, तेथे ओलाव्यामुळे कपावर समान अंतरावर गंजाच्या रेषा उमटतात. अशा बेअरिंगात जुळवणी कितीही अचूक केली तरी आवाज जात नाही आणि ते बदलण्यावाचून उपाय राहत नाही.

अखेरची वर्षे

कंपनीचा कारभार मुलांकडे सोपवल्यावर टिमकेन सॅन डिएगोत स्थायिक झाले. १६ मार्च १९०९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७७ वर्षांचे होते. त्याच वर्षी कंपनीच्या व्यवसायाची विभागणी झाली. आस तयार करण्यासाठी 'टिमकेन-डेट्रॉइट अ‍ॅक्सल कंपनी' डेट्रॉइट येथे निघाली आणि बेअरिंगांचे काम कॅन्टनमध्ये राहिले.

मृत्यूनंतरचा विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांगल्या प्रतीच्या पोलादाची टंचाई भासू लागली, तेव्हा कंपनीने कॅन्टनमध्ये स्वतःचे पोलाद तयार करण्यास आरंभ केला. १९३० मध्ये तिने 'फोर एसेस' नावाचे वाफेचे इंजिन बांधून घेतले. त्याच्या सर्व आसांना रोलर बेअरिंगे होती. निरनिराळ्या रेल्वेमार्गांवर ते चालवून पाहण्यात आले आणि मोजक्या माणसांनी हाताने ओढून ते हलवल्याचे प्रात्यक्षिकही झाले. खेचरांच्या गाडीच्या कथेतील युक्तिवाद येथे शेकडो टन वजनाच्या यंत्राच्या साहाय्याने पुन्हा मांडला गेला. यानंतर रेल्वेतील साधी बेअरिंगे हळूहळू मागे पडली.

भारतात या कंपनीने टाटा समूहाच्या सहभागाने १९८७ मध्ये 'टाटा टिमकेन' ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना जमशेदपूर येथे उभा राहिला. पुढे तिचे नाव 'टिमकेन इंडिया' असे झाले. महाराष्ट्रासह देशभरातील गॅरेजांमध्ये टेपर रोलर बेअरिंगांची खरेदी आजही कप आणि कोन या जोडीनेच केली जाते.

सन्मान आणि स्मृती

अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम आणि नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम या दोन्ही संस्थांनी टिमकेन यांचा मरणोत्तर समावेश केला आहे. इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममधील समावेश १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या पेटंटाला १०० वर्षे पूर्ण होत असताना झाला. सॅन डिएगो येथील बाल्बोआ पार्कमध्ये १९६५ साली खुले झालेले 'टिमकेन म्युझियम ऑफ आर्ट' हे कलासंग्रहालय टिमकेन कुटुंबाच्या देणगीतून उभे राहिले आहे.